चार पुस्तके, आणि ती अजून हातावेगळी का झाली नाहीत

जत तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत शिकवणाऱ्या बाईंनी मला तीन प्रश्न विचारले आहेत. माझी पुढची पुस्तके कोणती आणि ती केव्हा हातात पडतील, हा पहिला. मुलांचे पुस्तक जेमतेम ३२ पानांचे असते, तरी त्याला तीन-तीन वर्षे का लागतात, हा दुसरा. त्यांच्या पाचवीच्या वर्गाला या कामात काही मदत करता येईल का, हा तिसरा. गेली चोवीस वर्षे सांगलीत राहून मी मुलांसाठी लिहिते आहे आणि हे तिन्ही प्रश्न मला एकमेकांत गुंतलेले वाटतात. म्हणून उत्तर थोडे लांबणार आहे, त्याबद्दल बाईंनी क्षमा करावी.

सध्या माझ्या टेबलावर चार कामे आहेत. हरिपूरच्या हळदीच्या पेवांवरचे चित्रपुस्तक, मिरजेच्या तंतुवाद्यांच्या गल्लीत घडणारी एक लहान कादंबरी, महापुरावरची एक मोठी कादंबरी, आणि कास पठारावरच्या कवितांचा छोटा संग्रह. यांपैकी एकही काम मी आळसाने अडवून ठेवलेले नाही. प्रत्येक काम कुठल्या तरी एका जागी थांबलेले आहे, आणि ती जागा बहुतेक वेळा एखाद्या शब्दाची किंवा एखाद्या लहानशा वस्तुस्थितीची असते.

ही सवय मला जत तालुक्यानेच लावली, हे बाईंना सांगायलाच हवे. माझ्या पहिल्या कथासंग्रहात श्रावणातली एक गोष्ट होती, आणि तिच्यातला मुलगा उभ्या शाळवाच्या, म्हणजे रब्बीच्या ज्वारीच्या, रानात लपून बसतो, असे मी लिहिले होते. पुस्तक छापून आले, कौतुकही झाले. पुढे तुमच्याच भागातल्या एका शाळेत मी ती गोष्ट वाचत असताना चौथीतला एक मुलगा उठून म्हणाला, "बाई, श्रावणात शाळू कुठला उभा असतोय?" वर्गात कोणी हसले नाही, कारण सगळ्यांनाच तो प्रश्न रास्त वाटला होता. शाळू भाद्रपद-आश्विनात पेरतात आणि माघ-फाल्गुनात काढतात. श्रावणात ते रान मोकळे असते, फार तर शेजारच्या वावरात बाजरी उभी असेल. मी शहरात वाढलेली, मला हे ठाऊक नव्हते आणि मी कोणाला विचारलेही नव्हते. त्या मुलाने गोष्टीतल्या लपण्यावर विश्वास ठेवला होता, त्या मुलाच्या भीतीवर ठेवला होता, आणि माझ्या एका शब्दाने तो सगळा विश्वास मोडला. मोठा वाचक अशी चूक पाहून पुढे जातो. मूल तिथेच थांबते आणि पुन्हा आत येत नाही. तेव्हापासून जाऊन पाहिल्याशिवाय, आणि ज्याचे ते काम आहे त्याला विचारल्याशिवाय, मी मुलांसाठी ओळ पक्की करत नाही.

आता पहिल्या पुस्तकाविषयी. सांगलीची हळद सर्वांना माहीत आहे, २०१८ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण ती पूर्वी कुठे साठवत असत हे आज सांगलीतल्या मुलांनाही ठाऊक नसते. कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावरच्या हरिपूर गावात जमिनीच्या पोटात पेवे खणलेली होती. पेव म्हणजे तोंडाशी माणूस जेमतेम उतरेल इतके अरुंद आणि आत रांजणासारखे पोट सुटलेले कोठार. हळद भरून तोंड बंद केले की आतला प्राणवायू संपत जाई, कीड जगत नसे, आणि माल वर्षानुवर्षे टिकून राही. पण जी हवा किडीला मारते ती माणसालाही मारते. म्हणून पेव उघडले की लगेच कोणी आत उतरत नसे. तोंड मोकळे ठेवून वाट पाहायची, कंदील दोरीला बांधून आत सोडायचा, ज्योत विझली तर अजून थांबायचे.

माझ्या पुस्तकात इतकेच घडते. एक आजोबा, एक नात, एक पेव आणि एक कंदील. पहिल्या खर्ड्यात या प्रसंगाला मी दीड पान दिले होते. "आजोबांनी पेवाच्या तोंडावरचा दगड बाजूला सारला, आतून उग्र वासाची गरम हवा बाहेर आली, तेव्हा त्यांनी नातीला मागे सरायला सांगितले आणि कंदील हळूहळू खाली सोडला," असे बरेच काही त्यात होते. चित्रकाराने कच्चे रेखाटन पाठवले तेव्हा दिसले की दगड, हात, मागे सरलेली मुलगी आणि ताणलेली दोरी हे सगळे चित्रातच आहे. मग माझ्या शब्दांचे तिथे काय काम? आता डाव्या पानावर एकच वाक्य आहे: "कंदील विझला." पान उलटले की दुसरे: "आजोबा म्हणाले, आज नाही. उद्या." या दोन वाक्यांपर्यंत यायला मला आठ महिने लागले, आणि हे मी अभिमानाने किंवा संकोचाने सांगत नाही, कामाचे स्वरूपच तसे आहे म्हणून सांगते.

३२ पाने म्हणजे छापखान्याच्या हिशेबात १६ पानी दोन फर्मे. त्यातून शीर्षकाचे पान, प्रकाशनाच्या तपशिलाचे पान आणि अर्पणपत्रिका वजा केली की गोष्टीला चौदा जोडपाने, म्हणजे समोरासमोरच्या पानांच्या चौदा जोड्या, उरतात. म्हणजे मूल तेरा वेळा पान उलटणार. प्रत्येक वेळी ते का उलटेल, याचे उत्तर मला द्यावे लागते. कंदील विझतो तो पानाच्या अखेरीस विझला पाहिजे, पुढच्या पानाच्या मधोमध विझून चालत नाही. बाईंनी वर्गात मोठ्याने वाचताना अनुभवले असेल की पान उलटण्याआधीचा तो अर्धा क्षण मुलांच्या श्वासातच ऐकू येतो.

या पुस्तकात अडचण आली ती हळदीच्या रंगाची. आमचे चित्रकार पुण्याचे आहेत, हात अतिशय चांगला आहे. त्यांनी पेवाच्या अंधारात पिवळ्याधमक हळदीची रास रंगवली आणि चित्र खरोखर देखणे झाले. पण शिजवून वाळवलेली, पॉलिश न केलेली हळकुंडे पिवळी दिसत नाहीत; ती मातकट, सुरकुतलेली, जवळजवळ सुंठीसारखी दिसतात. मोडली की मग आतला केशरी रंग चमकतो. मी मार्केट यार्डातून पाव किलो बिनपॉलिशची हळकुंडे घेतली, कापडी पिशवीत बांधून त्यांना पाठवली आणि सोबत लिहिले की एक मोडून पाहा. त्यांनी सहा जोडपाने पुन्हा रंगवली. आता रास मातीच्या रंगाची आहे, आणि शेवटच्या पानाआधी नात एक हळकुंड मोडते तेव्हा संपूर्ण पुस्तकात पहिल्यांदा तो रंग दिसतो. चूक दुरुस्त करता करता गोष्टीला तिचा शेवट सापडला, तो मला एरवी सुचला नसता.

एक गोष्ट अजून ठरायची आहे. २००५ च्या महापुरात पाणी शिरून यांतली बरीच पेवे निकामी झाली, आणि आता हळद गोदामांत व शीतगृहांत जाते. हे पुस्तकात सांगावे की न सांगावे? गोष्ट सांगताना ते खुपते, आणि न सांगितले तर मुले हरिपूरला जाऊन पेवे शोधत बसतील. सध्या मी ते मलपृष्ठाच्या आतल्या बाजूस, मोठ्यांसाठीच्या चार ओळींत ठेवले आहे. त्याच चार ओळींत "पेव फुटणे" हा आपला वाक्प्रचार कुठून आला तेही आहे. रोज वर्तमानपत्रात क्लासचे पेव फुटते, पतसंस्थांचे पेव फुटते, पण पेव कोणी पाहिलेले नसते. हे पुस्तक सर्वांत आधी येईल. मजकूर पक्का झाला आहे, दोन जोडपानांची चित्रे बाकी आहेत, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वी ते छापून यावे असा आमचा प्रयत्न आहे.

दुसरे पुस्तक मिरजेचे. नऊ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी साधारण ऐंशी पानांची कादंबरी. मिरजेत सतार आणि तंबोरे घडवण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालत आली आहे. फरीदसाहेब सतारमेकर यांचे नाव त्या परंपरेच्या आरंभाशी घेतले जाते. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातले हात वाद्यांकडे वळले, ही गोष्टच मुळात मुलांना सांगण्याजोगी आहे. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. माझ्या कथेत मात्र मानांकन नाही. त्यात एक मुलगी आहे, जिला वाद्य वाजवायचे नाही, घडवायचे आहे.

या कथेसाठी मी दोन वर्षे अधूनमधून एका कारागिराच्या दुकानात जाऊन बसते आहे. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो, तो कसा निवडतात, कापतात, भिजवतात, हे पाहिले. पण सर्वांत जास्त वेळ मी घोडीजवळ घालवला. घोडी म्हणजे ज्या पट्टीवरून तारा जातात ती. तिचा माथा कानसने इतका बारीक उतार देऊन घासायचा की तार तिला नुसती चाटून जावी. मग त्या सुराला जी झंकारणारी लांबी येते तिला जवारी म्हणतात. जवारी खुली असते, गोल असते, बंद असते. कारागीर एकदा घासतो, तार चढवतो, छेडतो, मान हलवतो, तार उतरवतो, पुन्हा घासतो. मी एका सकाळी मोजले, अकरा वेळा. बाराव्या वेळी त्यांनी मान हलवली नाही, आणि मला मात्र अकराव्या आणि बाराव्या सुरात काहीच फरक कळला नव्हता.

हा प्रसंग लिहून मी मिरजेतल्या सहावीच्या मुलांना वाचून दाखवला. वाचन संपल्यावर एकीने विचारले, "पण घोडीला ज्वारी कशाला लावायची?" तिने जवारीऐवजी ज्वारी ऐकले होते, आणि घोडी म्हटल्यावर ज्वारी खाणारी घोडी तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली होती. मला फार आनंद झाला. मी तो गैरसमज तसाच उचलून कथेतल्या धाकट्या भावाला दिला आहे; तो घोडीसाठी मूठभर ज्वारी घेऊन दुकानात येतो आणि तिथून प्रकरण सुरू होते. एखादा अवघड शब्द मुलांच्या पुस्तकातून काढून टाकण्यापेक्षा त्याला असे दार करून द्यावे, असे माझे मत आहे. तंबोऱ्याच्या तारेखाली, घोडीवर, सुताचा एक तुकडा सरकवतात. तो नेमक्या जागी आला की सूर बोलू लागतो. त्या धाग्याला "जीव" म्हणतात. अशा शब्दाला दुसरा सोपा शब्द शोधणारा लेखक मुलांचे नुकसानच करील.

मग हे पुस्तक अडले कुठे? नात्याच्या एका हाकेवर. कथेतले घर मुसलमान कारागिराचे आहे, आणि ती मुलगी वडिलांच्या वडिलांना "दादा" म्हणते. मराठी वाचणाऱ्या मुलाच्या कानाला दादा म्हणजे थोरला भाऊ. पहिल्या तीन प्रकरणांत मुले सतत गोंधळत होती की हा दादा एवढा म्हातारा कसा. हाक बदलून "आजोबा" करावी असे दोघांनी सुचवले. मी ती बदलणार नाही, कारण त्या घरात ती हाक तशीच आहे आणि मिरजेतल्या निम्म्या मुलांना ती ऐकून माहीत आहे. उरलेल्यांसाठी मला पहिल्याच पानावर असा एक साधा प्रसंग हवा आहे, ज्यातून ती हाक न समजावता समजेल. आजवर पाच प्रसंग लिहिले, पाचही समजावणारे निघाले. सहावा चालू आहे. मुलीचे नावही अजून ठरलेले नाही. तेही त्या घरातल्या बायकांना विचारूनच ठरवीन. हे पुस्तक यायला अजून एक वर्ष तरी लागेल.

आता महापुराची कादंबरी, जिच्याविषयी मला सर्वांत जास्त विचारले जाते आणि जिच्याविषयी मी सर्वांत कमी बोलते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. गावभागात, मारुती चौकात, सांगलीवाडीत घरेच्या घरे पाण्याखाली होती. कोयना कराडला येऊन मिळते, वारणा हरिपूरला, आणि वरच्या धरणांचे, ओढ्यांचे, पावसाचे सगळे पाणी आमच्या दारावरून पुढे जाते, हे भूगोलाच्या पुस्तकात प्रत्येक मुलाने वाचलेले असते. त्या आठवड्यात ते दारातून आत आले.

पूर ओसरल्यावर काही महिन्यांनी मी तीन शाळांत मुलांकडून चित्रे काढून घेतली. लिहून घेतले नाही, कारण लिहायला सांगितले की मुले बातमीसारखे लिहितात. बहुतेकांनी बोटी काढल्या, गच्चीवर बसलेली माणसे काढली, दोघा-तिघांनी मगर काढली, कारण कृष्णेत मगरी आहेत आणि त्या दिवसांत प्रत्येक घरात तीच भीती बोलली जात होती. एका मुलाने मात्र फक्त जिना काढला. पंधरा पायऱ्या, आणि नवव्या पायरीपर्यंत निळा रंग. मी विचारले, "घरातली माणसं कुठे आहेत?" तो म्हणाला, "वर. मी पायऱ्या मोजत होतो."

मोठ्यांनी तो पूर फुटांत मोजला, मुलांनी पायऱ्यांत मोजला. त्या चित्राने मला कादंबरीची बांधणी दिली. प्रकरणांना नावे नाहीत, पहिली पायरी, दुसरी पायरी अशी ती चढतात. नवव्या पायरीनंतर पुन्हा उतरत येतात, आणि उतरतानाचे प्रत्येक प्रकरण चिखलाचे आहे. कारण पुराच्या गोष्टी पाणी ओसरले की संपतात, आणि मुलांच्या आठवणीत मात्र ओली वह्या-पुस्तके, फुगलेली दारे आणि दावे तोडून गेलेली, परत न आलेली म्हैस पुढेही राहते.

८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ येथे माणसांना बाहेर काढणारी बोट उलटून अनेकांचा जीव गेला. ही घटना कादंबरीत आणावी की नाही, यावर माझा खर्डा वर्षभर पडून होता. एका आवृत्तीत मी ती आणली होती, आणि ते प्रकरण वाचणाऱ्या मोठ्या माणसांनी ते कादंबरीतले सर्वांत चांगले प्रकरण म्हणून वाखाणले. मी ते काढून टाकले. ज्या घरांत ती माणसे परत आली नाहीत, त्या घरांतली मुले हे पुस्तक वाचणार आहेत. त्यांच्या दुःखावर माझ्या कथानकाचा कळस बांधायचा मला अधिकार नाही. आता कादंबरीत त्या दिवसापुरते एक प्रकरण आहे, ज्यात घरातली मोठी माणसे रेडिओ बंद करतात आणि मुलांना काही सांगत नाहीत, आणि मुलगा पायऱ्या मोजायचे थांबतो. ते एका पानाचे आहे. ज्यांना माहीत आहे त्यांना ते कळेल, आणि ज्यांना माहीत नाही ती मुले कोणाला तरी विचारतील. विचारल्यावर सांगणारे मोठे माणूस त्यांच्याजवळ असेल, एवढीच माझी अपेक्षा आहे. या पुस्तकाला मी तारीख देत नाही. पुराच्या वेळी पहिलीत असलेली मुले ते वाचण्याच्या वयातून निघून चालली आहेत, याची मला रुखरुख आहे. तरी घाई करणार नाही.

चौथे काम कवितांचे, आणि ते सर्वांत आनंदाचे. सातारा जिल्ह्यातले कास पठार २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेले, तेव्हापासून तिथे माणसांची गर्दी होते. पण लहान मुलांना तिथे फार वेळ काही दिसत नाही, कारण फुले त्यांच्या घोट्याएवढी असतात आणि मोठे लोक त्यांना "इकडे बघ, फोटो काढू" म्हणून उभे करतात. सीतेची आसवं हे इवलेसे जांभळे-निळे फूल बारीक जीव पकडून खाते, दवबिंदू नावाच्या वनस्पतीच्या पानांवरचे चमकणारे थेंब चिकट असतात आणि किडा त्यांवर बसला की सुटत नाही. हे ऐकले की सात वर्षांचे मूल जमिनीवर पालथे पडून पाहू लागते. कविता त्याच उंचीवरून लिहिलेल्या आहेत.

टोपली कारवी हे पालथ्या टोपलीसारखे दिसणारे झुडूप दर सात वर्षांनी फुलते. म्हणजे पहिलीत असताना जिने ती पाहिली ती मुलगी पुन्हा पाहील तेव्हा आठवीत असेल. या एका हिशेबावर एक कविता उभी आहे. तिचा आरंभ असा:

टोपलीखाली काय गं आहे?
सात वर्षांची झोप गं आहे.
हाक मारू का? मारू नको.
पाऊस यावा, घाई नको.

चौथी ओळ आधी "पाऊस येईल, घाई करू नको" अशी होती. कागदावर ती मला बरी वाटत होती, अर्थही अधिक स्वाभाविक होता. दुसरीच्या मुलींना टाळ्यांवर म्हणायला दिली तेव्हा प्रत्येक जोडी त्याच ओळीला चुकली. एकीची टाळी रिकामी गेली, दुसरीची उशिरा आली. घरी येऊन मात्रा मोजल्या. तिसरी ओळ सोळा मात्रांची आणि चौथी वीस. मुलींच्या तळहातांना ते माझ्याआधी कळले होते. संग्रहात अशा अठ्ठावीस कविता आहेत, त्यांतल्या एकोणीस टाळ्यांवर पार पडल्या आहेत. उरलेल्या नऊ दुरुस्त होतील किंवा गळतील. पुढच्या पावसाळ्याच्या अखेरीस, कास फुललेले असताना, हे पुस्तक यावे असे वाटते.

याशिवाय एका बालनाट्याची टिपणे आहेत. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी "सीता स्वयंवर" रंगवले, हे सर्वांना माहीत असते. त्यांनी लाकडी बाहुल्याही केल्या होत्या, हे मुलांना सांगितले की त्यांचे डोळे चमकतात. त्या बाहुल्यांवर काहीतरी करायचे आहे. अजून एक पानही लिहिलेले नाही, म्हणून त्याला पुस्तक म्हणत नाही.

वेळ लागण्याचे आणखी एक कारण सांगते, कारण नव्याने लिहिणाऱ्यांना त्याचा उपयोग होईल. काही वर्षांपूर्वी एका प्रकाशनसंस्थेने माझ्या पुस्तकातला "बुट्टी" हा शब्द सर्व ठिकाणी मला न विचारता "टोपली" असा बदलला. प्रमाण भाषा हवी, इतर जिल्ह्यांतल्या मुलांना कळले पाहिजे, असे कारण नंतर देण्यात आले. गोष्ट कवठेमहांकाळच्या बाजाराची होती, आणि तिथली म्हातारी टोपली म्हणत नाही. कृपया कोणी असे समजू नये की मी प्रमाण भाषेच्या विरोधात आहे. माझे निवेदन प्रमाण भाषेतच असते. पण पात्राच्या तोंडचा आणि हातातल्या वस्तूचा शब्द हा त्याच्या घराचा असतो. आता करारात मी एक कलम घालून घेते की मुद्रितशोधनात शब्द बदलायचा असल्यास लेखिकेला विचारावे, आणि अंतिम मुद्रिते मी स्वतः दोनदा, एकदा मनात आणि एकदा मोठ्याने, वाचते. त्यात महिना जातो.

पुस्तकाचा आकारही मी आता स्वतः ठरवायला बसते. पाचगणीजवळ भिलारला, पुस्तकांच्या गावात, एका घराच्या ओसरीवर दोन मुली एकच पुस्तक मांडीवर घेऊन वाचत होत्या. पुस्तक लहान आकाराचे होते आणि अक्षरे बारीक, म्हणून एकीला मान वाकडी करावी लागत होती. मुलांचे पुस्तक बहुधा दोघे मिळून वाचतात. तेव्हापासून चित्रपुस्तक आडवे, पसरून दोन मांड्यांवर बसणारे, आणि अक्षर दोन हातांच्या अंतरावरून दिसणारे, असा माझा आग्रह असतो. त्याने छपाईचा खर्च वाढतो, प्रकाशक कुरकुर करतात, कधी कधी पानाचा कागद थोडा पातळ घ्यावा लागतो. ती तडजोड मी करते, आकाराची करत नाही.

आता बाईंच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येते. होय, पाचवीच्या वर्गाची मला फार मदत होईल. मिरजेच्या कादंबरीची पहिली तीन प्रकरणे मी झेरॉक्स काढून पाठवते आहे, एकूण बावीस पाने. ती वर्गात वाचून दाखवताना बाईंनी कुठेही अर्थ सांगू नये, मध्ये थांबून प्रश्न विचारू नयेत, आणि नंतर "आवडले का" असेही विचारू नये, कारण पाहुण्यांसाठी मुले नेहमी होच म्हणतात. प्रत्येक मुलाला एक प्रत आणि एक पेन्सिल द्यावी. जिथे कंटाळा आला तिथे समासात एक आडवी रेघ, जिथे कळले नाही तिथे फुली, आणि जिथे "असे नसते" वाटले तिथे गोल. नावे लिहू नयेत. जतच्या मुलांनी सतार पाहिलेली नसेल, म्हणूनच मला त्यांच्या फुल्या हव्या आहेत. मिरजेची मुले तिथे अडखळत नाहीत. आणि पान चौदावर, जिथे मुलगी शेजारच्या रानातून भोपळ्याचा वेल ओढून आणते, तिथे महिना कार्तिक आहे. त्या पानावरचे गोल मला आधी पाठवावेत.